ओवाळणीचा थांबा

कुसळवाडीच्या चढावर, चिंचेच्या सावलीत एसटीचा थांबा आहे. पाटीवर गावाचं नाव आहे, पण कंडक्टर ‘ओवाळणीवाले, उतरा’ असंच ओरडतो. पाव्हणे, तुम्ही नेमके भाऊबीजेला आलात, तेव्हा चिंचेखाली तबकं घेऊन बसलेल्या बाया दिसल्याच असतील.

असं सांगतात, की पूर्वी एसटी या गावाकडे ढुंकूनही बघत नसे. उतरायचं ते लांब फाट्यावर, आणि तिथून भरधाव ट्रकांच्या कडेकडेनं चालत यायचं. एकदा एका ट्रकनं गजराक्काच्या नातीचं, मैनाचं, दप्तरच खांद्यावरून ओढून नेलं. पोरगी वाचली, पण बापानं शाळा बंद केली. मग एकेक करत गावातल्या साऱ्याच पोरी घरी बसल्या. गजराक्का बायांना घेऊन डेपोत गेली, पुन्हा पुन्हा गेली. साहेबांचं उत्तर ठरलेलं, तुमच्या गावात उतारू कुठे आहेत? आता गाडीच थांबत नाही तर उतारू काय आभाळातून पडणार? शेवटी अक्का मारुतीला नवस बोलली, की गाडी गावात थांबेपर्यंत गोडाला शिवणार नाही. मूळची गोडघाशी बाई, तेव्हा नवस काही साधा नव्हता.

अक्काला भाऊ नव्हता. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तशी तीही जन्मभर ओवाळत आली होती. पण चंद्र काही गाडी थांबवत नाही. म्हणून त्या भाऊबीजेला ती दिवसाउजेडीच तबक घेऊन चढावर उभी राहिली, आणि तिच्यामागे गावातल्या झाडून साऱ्या बाया.

अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता म्हणे. चढावर काहीतरी लाल दिसलं आणि ती रस्त्यात उतरली. तो निघाला विटांचा ट्रक. पण निरांजन पेटलेलं, आणि ट्रकवाला खाली उतरून टोपी सारखी करत समोर उभा. त्याला विन्मुख कसं पाठवणार? अक्कानं त्यालाही ओवाळलं. तेवढ्यात मागून भोंगा वाजवत एसटी आली आणि ट्रकमागे अडकली.

तिचा ड्रायव्हर दौलत तणतणत उतरला. ड्युटीपायी त्याला कित्येक वर्षांत भाऊबीजेला बहिणीकडे जाता आलं नव्हतं. अक्कानं कुंकू लावलं तसा त्याचा राग निवला. तो खिसा चाचपू लागला.

“पैसं नकोत, दादा. थांबा दे.”

“थांबा माझ्या हातात नाही, अक्का. ते डेपोचं काम.”

“हातात नसंल. ब्रेक तर तुझ्याच पायाखाली हाय न्हवं?”

गाडीतले उतारू हसले, दौलतही हसला. दुसऱ्या दिवशी एसटी चिंचेखाली थांबली. दिवाळीची सुट्टी संपायची होती, तरी मैना पहिली चढली, मागून साऱ्या पोरी; सुट्टी संपल्यावर त्याच गाडीनं त्या शाळेला जाऊ लागल्या. दौलतनं आदल्या दिवशी मिळालेली करंजी मोडून निम्मी अक्काच्या हातावर ठेवली. अक्कानं ती रडत रडत खाल्ली, आणि वर आणखी आहे का म्हणून विचारलं. रोजचे उतारू दिसल्यावर डेपोला पाटी लावावीच लागली. आणि ट्रकवाला? त्यानं ओवाळणीत चढावर सावकाश जायचं कबूल केलं, आणि या चढावर आपली बहीण राहते असं ढाब्याढाब्यावर सांगत गेला.

आजही चिंच दिसली की ट्रक हळू होतात. भाऊबीजेची ड्युटी मिळावी म्हणून डेपोत ड्रायव्हर भांडतात. ज्याला मिळते तो ओवाळून घेतो, करंजी मोडतो आणि निम्मी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला देतो. यंदा तो मान मैनाबाईचा. तोंडात दात उरलेला नाही, पण सकाळपासून ती चिंचेखाली येऊन बसली आहे, मांडीवर पणतीचं नवंकोरं दप्तर घेऊन.