आत्याबाईंच्या हाताचं लोणचं

एका गावात एक घर होतं. घर साधंच, पण तिथलं कैरीचं लोणचं साऱ्या आळीत नावाजलेलं. वर्ष उलटून नव्या कैऱ्या बाजारात आल्या तरी जुन्या बरणीतल्या फोडी दाताखाली करकरीत लागायच्या. याचं सगळं श्रेय आत्याबाईंच्या हाताला, असं लोक मानत.

आत्याबाई म्हणजे घरधन्याची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून भावाकडे येऊन राहिल्या. दोन वेळचं जेवण आणि कोपऱ्यातली एक वळकटी, एवढाच त्यांचा संसार. घरात त्यांना कुणी टाकून बोलत नसे. पण खरं सांगायचं तर मुद्दाम कुणी विचारतही नसे. फक्त कैऱ्या आल्या की सगळं घर त्यांच्याभोवती गोळा व्हायचं. माप न लावता त्या मुठीनं मीठ घालायच्या आणि कोपरापर्यंत हात घालून फोडी कालवायच्या.

"वन्सं, तुमच्या हाताला यश आहे हो," भावजय म्हणायची.

आळीतल्या बायकाही त्यांना मीठ घालायला बोलावून न्यायच्या. बसायला पाट द्यायच्या, चहा पाजायच्या. त्या दिवसांत आत्याबाई जरा ताठ चालायच्या आणि रात्री जेवताना एखादी भाकरी जास्त खायच्या.

त्या घरात नवी सून आली. पोर गुणी, पण हात अजून बसला नव्हता. भाकरी थापता थापता फाटायची, भात बुडाला लागायचा. आत्याबाई गुपचूप लागलेला भात स्वतःच्या ताटात वाढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मला खरपूडच आवडते गं." सासूबाईंचं मात्र तसं नव्हतं. जीभ तिखट. सुनेचं काही चुकलं की घरात येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ती हकीकत पहिल्यापासून ऐकावी लागे. सुनेनं त्या जिभेची चांगलीच धास्ती घेतली होती.

एकदा सासूबाई आणि आत्याबाई कीर्तनाला गेल्या होत्या आणि नेमके सासऱ्यांचे पाहुणे दारात उभे राहिले. चुलीपाशी सून एकटी. तिनं पदर खोचला आणि पिठलं-भात टाकला. त्या दिवशी देवाला तिची दया आली असावी, कारण पिठलं बेताचं झालं, भात मोकळा झाला आणि भाकऱ्यासुद्धा टम्म फुगल्या. आता ताटात लोणचं हवं. बरणीला हात लावायचा तर हात कोरडा, पळी कोरडी, आणि काढून झालं की तोंडाला लगेच फडक्याचा दादरा बांधायचा, हा त्या घरचा नियम. ती पळी नुकतीच धुतलेली होती. पुसायला फडकं शोधेपर्यंत बाहेरून सासऱ्यांची हाक आली, "सूनबाई, वाढता ना?" तिनं पळी दोनदा झटकली आणि तशीच बरणीत घातली.

पाहुणे बोटं चाटत जेवले. "सगळं सूनबाईंनी एकटीनं केलंय बरं," सासरे कौतुकानं म्हणाले. लग्न झाल्यापासून तिच्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. ओल्या पळीची आठवण तिला राहिली नाही.

श्रावण संपत आला तेव्हा सासूबाईंनी बरणी उघडली आणि कपाळावर हात मारला. वर पांढरी बुरशी, फोडी लिबलिबीत, आंबूस वास. वर्षाचं लोणचं गेलं.

"कुणी ओल्या हातानं काढलं हे?" सासूबाईंचा आवाज चढला. "सूनबाई, तू काढलंस?"

सुनेला पाहुणे आठवले, पळी आठवली, झटकलेलं पाणी आठवलं. पुढचे कित्येक महिने आळीभर काय काय ऐकू येईल तेही तिला आधीच ऐकू आलं.

"मी... मी कोरड्याच पळीनं काढलं, सासूबाई."

सासूबाईंनी बरणी तिरकी करून आत पाहिलं. मग सुस्कारा टाकून म्हणाल्या, "मग दुसरं काय असणार! वन्सं, तुमचा हात गेला आता. वय झालं."

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. बरणी उचलून त्या परसात गेल्या. आत्याबाई मात्र चुलीपाशी बसून स्वतःचा तळवा न्याहाळत राहिल्या. मग हळूच सुनेला म्हणाल्या, "मीठ कमी पडलं असेल का गं माझ्याकडून?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हातारी रागावणारी नव्हती, उलट तिनं पाठीवरून हात फिरवला असता. पण एकदा बोललेलं मागं कसं घ्यायचं? सून खाली बघून म्हणाली, "असेल, आत्याबाई."

जीभ टाळूला लागायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात तो शब्द बोलून झाला. सुनेचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या कुणाचा तरी जीव त्याच वेळी त्या भांड्यातून बाहेर सांडला, हे तिला दिसलं नाही.

गोष्ट आळीत जायला वेळ लागला नाही. लिंबाचं लोणचं घालायचे दिवस आले, पण आत्याबाईंना बोलावणं आलं नाही. त्या दारात बसून राहायच्या. समोरची बाई लिंबं घेऊन जाताना त्यांना बघून टोपली पदराखाली घ्यायची. पुढे पुढे आत्याबाई आमटीत मीठ घालून सुनेला चाखायला बोलवू लागल्या. नंतर मीठ घालायच्या आधीच विचारू लागल्या, "एवढं पुरे का गं?" आणि मग एक दिवस मिठाचं भांडंच तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "तूच घाल बाई. माझा काही नेम नाही." त्यानंतर त्या चुलीकडे फिरकल्या नाहीत. जेवायला बोलावलं की यायच्या, जे वाढलं ते जेवून पुन्हा वळकटीपाशी जाऊन बसायच्या.

हे सगळं सुनेच्या डोळ्यांदेखत होत होतं. सांगावं असं तिला रोज वाटे. आज सासूबाई चिडलेल्या आहेत, उद्या सण आहे, परवा घरात माणसं आहेत, असं करत वर्ष सरलं. पुन्हा कैऱ्या आल्या. सासूबाई स्वतः मीठ मोजायला बसल्या आणि आत्याबाई उठून मागच्या दारी निघून गेल्या. ते पाहून सुनेला राहवलं नाही. तिनं सासूबाईंचे पाय धरले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. चार शब्द सुनावले. मग म्हणाल्या, "एवढंच ना? अगं, माझ्याही हातून नवी असताना एक बरणी गेली होती. तेव्हाच सांगायचंस. ऊठ, डोळे पूस."

ज्या रागाला भिऊन तिनं वर्ष काढलं होतं, तो राग फोडींना हळद लावून होईपर्यंतसुद्धा टिकला नाही.

दोघी मागच्या दारी गेल्या. सून आत्याबाईंच्या पायाशी बसली. "आत्याबाई, लोणचं माझ्यामुळं गेलं. पळी ओली होती. तुमचा हात चांगलाच आहे. चला ना, मीठ घाला."

"खरंच हो, वन्सं," सासूबाई म्हणाल्या. "माझंही चुकलं. या आत."

आत्याबाईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि हसल्या. हात मात्र त्यांनी पदराखाली घेतले. "किती गं मनाची मऊ आहेस पोरी," त्या सुनेला म्हणाल्या. "या म्हातारीला बरं वाटावं म्हणून खोटा आळ स्वतःवर घेतेस! पण नको. वर्षाचं लोणचं आहे, पुन्हा खराब झालं तर?"

"शपथ घेते, आत्याबाई!"

"शपथ कशापायी घेतेस बाई," त्या म्हणाल्या आणि तिचेच डोळे पुसू लागल्या.

सून पुन्हा पुन्हा सांगत राहिली. आत्याबाई पुन्हा पुन्हा तिला थोपटत राहिल्या. शेवटी सासूबाईंनीच मीठ घातलं.

त्या वर्षी लोणचं उत्तम झालं. सुनेनं ताटात पहिली फोड आत्याबाईंना वाढली. त्यांनी ती चाखली, कौतुकानं मान डोलावली आणि साऱ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा, कसं झकास टिकलंय. माझा हात लागला नाही ना यंदा, म्हणून!"

सगळे जेवत होते. सुनेच्या हातातला घास तेवढा हातातच राहिला.

तात्पर्य: आपली चूक वेळेवर कबूल केली तर चार शब्द ऐकावे लागतात. उशीर केला, तर जिच्या माथी ती चूक बसली तिला आपलं खरं बोलणंही दयेपोटी रचलेलं वाटू लागतं.