मानाची पळी आणि पिठल्याचं मडकं

फार फार जुनी गोष्ट आहे. कोणत्या राजाच्या राज्यातली ते मला विचारू नका, कारण या गोष्टीत राजाला कुणी जेवायला बोलावलेलंच नाही.

एका गावात बारा घरांची एक आळी होती. सुगी संपली की त्या आळीची अंगतपंगत व्हायची. प्रत्येक घराने आपल्या चुलीवर एक पदार्थ करायचा आणि दिवस मावळायच्या आत पिंपळाच्या पारावर आणायचा. आणायचा तोही कुंभाराकडच्या एकसारख्या मडक्यातून. पितळ-तांबं त्या दिवशी घरी ठेवायचं, म्हणजे थोर कोण नि गरीब कोण, हे भांड्यावरून कळायला नको. म्हातारा गुरव एकेक मडकं उघडून विचारायचा, "कुणाच्या घरचं?" मग त्या घरच्या बाईने पुढे होऊन म्हणायचं, "आमच्या घरचं. गोड मानून घ्या." ज्यांचं मडकं सगळ्यांत आधी रिकामं होईल, त्यांना वर्षभर मानाची पळी मिळायची.

पळी म्हणाल तर साधी लाकडाची, टोकाला थोडी जळलेलीसुद्धा. पण तिच्यापायी आळीतल्या बायकांच्या डोळ्याला डोळा लागत नसे!

त्या आळीत द्वारका नावाची एक सुगरण राहायची. सलग तीन वर्षं पळी शेजारच्या सोनाबाईच्या खुंटीवर लटकत होती, आणि सोनाबाई रोज दार उघडं टाकून ती पुसत बसायची. आता तुम्हीच सांगा, कुणाच्या अंगाचा तिळपापड होणार नाही? द्वारकेने मनाशी पक्कं केलं, यंदा पळी आपली. बासुंदी अशी करायची, की आळीने बोटं चाटत राहावं.

मग आठ दिवस घरात नुसती बासुंदीची तालीम चालली. कधी दूध पातळ व्हायचं, कधी खाली लागायचं. चूल गुंतलेली, द्वारका गुंतलेली. घरच्यांसाठी सकाळी एकदाच पिठलं रटरटायचं आणि चार भाकऱ्या थापल्या जायच्या. सकाळी पिठलं, दुपारी पिठलं, आणि सांज झाली की उरलेलं पिठलं. तिचा नवरा हरबा बिचारा गरीब गाय. तो मुकाट्याने गिळायचा. सासू मात्र गप्प बसणारी नव्हती.

"द्वारके, वाटीभर दूध तरी दे गं. दात नाहीत मला."

"आत्याबाई, पंगतीच्या दुधाला हात लावायचा नाही."

"अगं, पंगत आठ दिवसांवर आहे, आणि माझा एक पाय कुठे आहे ते तुला ठाऊक आहे."

"दुसरा पाय घट्ट रोवून ठेवा. पंगतीत पोटभर वाढते तुम्हाला," असं म्हणून द्वारका पुन्हा दूध आटवायला बसायची.

पंगतीचा दिवस उजाडला. त्या दिवशी बासुंदी अशी जमली म्हणता! वेलदोड्याच्या वासाने रस्त्यावरची माणसं दारात थबकायला लागली. सकाळी हरबाने हळूच वाटी पुढे केली.

"पंगतीची आहे," द्वारका म्हणाली आणि वाटीत पिठलं ओतलं.

दुपारी मायलेकांनी ताटाला हातच लावला नाही. पिठलं तसंच राहिलं, भाकऱ्या तशाच राहिल्या. मांजरसुद्धा हुंगून, तोंड फिरवून निघून गेली.

ऊन कलल्यावर द्वारकेने बासुंदी मडक्यात ओतली, वर फडकं बांधलं आणि नवऱ्याला बजावलं, "मी पुढे जाऊन पार सारवते, रांगोळी घालते. तुम्ही आणि आत्याबाई हे मडकं घेऊन या. आणि खबरदार!"

ती गेली. घरात मडकं, मायलेक आणि वास, एवढंच उरलं.

"हरबा," म्हातारी म्हणाली, "साखर घातलीय ना रे तिने? घाईत विसरते कधी कधी. चारचौघांत हसं नको व्हायला."

"बघावं लागेल," हरबा म्हणाला.

एक पळी म्हातारीने बघितली, एक हरबाने. साखर होती. मग वेलदोडा बघितला. मग चारोळ्या सगळीकडे सारख्या आहेत का तेही बघितलं. बघता बघता मडक्याचा तळ दिसला, आणि दोघांची तोंडं उतरली.

"आई, आता गं?"

"आता काय? रिकाम्या मडक्याने का पंगतीला जायचंय? घाल ते दुपारचं पिठलं त्यात. भाकऱ्याही घे."

पारावर बारा मडकी रांगेत मांडली गेली. गुरवाने पहिलं उघडलं, शिरा. "आमच्या घरचा, गोड मानून घ्या," सोनाबाई म्हणाली. दुसरी लापशी, तिसरी खीर, मग पुरणाच्या पोळ्या, मग आणखी एक खीर. पळी सगळ्यांनाच हवी होती ना! अकरा मडकी उघडली, अकराही गोड. बाराव्याचं फडकं सुटलं आणि लसणाचा वास सुटला.

"पिठलं?" गुरव चमकला. "कुणाच्या घरचं?"

द्वारकेने आपलं पिठलं वासावरूनच ओळखलं. सोनाबाई तिच्याकडेच बघत होती. द्वारका नाक मुरडून मोठ्याने म्हणाली, "शी बाई! पंगतीला पिठलं? कुणा दळभद्र्या घरचं असेल! आमचं म्हणाल तर यंदा दूधच नासलं, आम्ही काही आणलं नाही."

हरबा आणि म्हातारी पत्रावळीत मान घालून बसले. बारा घरं, बारा मडकी, हिशेब सगळ्यांनाच कळत होता; पण गुरव एवढंच म्हणाला, "असो. अन्न आहे, वाढा."

शिऱ्यापर्यंत सगळे खूश होते. लापशीला घास लहान झाले. दुसऱ्या खिरीला पोरांनी तोंड वाकडं केलं. तेवढ्यात कुणीतरी भाकरीच्या तुकड्यावर पिठलं घेतलं, आणि "अहाहा!" म्हणून डोळे मिटले. मग काय विचारता! "इकडे जरा पिठलं," "मलाही," "तळाची खरवड मला ठेवा!" अकरा मडकी कमीजास्त भरलेलीच राहिली आणि पिठल्याचं मडकं पुसून लख्ख झालं.

गुरवाने ते उचलून दाखवलं. "पहिलं रिकामं हे झालं. मान याचा. बोला, कुणाच्या घरचं?"

द्वारकेने तीन वर्षं जिच्यासाठी जीव टाकला, ती पळी हातभर अंतरावर होती. शेवटी ती उठलीच. "आमच्या घरचं," ती पुटपुटली.

"अगं बाई!" सोनाबाई म्हणाली. "मघाशी दळभद्र्या घरचं म्हणालीस, ते हेच घर होय?"

पार हसण्याने दणाणला. द्वारका नवऱ्यावर उसळली, "बासुंदी कुठे गेली माझी?"

हरबा आईच्या पाठीमागे सरकला. म्हातारी म्हणाली, "खाल्ली आम्ही. मार हवं तर. आठ दिवस नुसत्या वासावर काढले गं, पोरी."

पुन्हा कुणी हसलं नाही. द्वारका सासूच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. "माझंच चुकलं, आत्याबाई," ती म्हणाली.

गुरव हळू आवाजात म्हणाला, "पिठलं तुझंच, बाई, आणि झकास होतं. पण मघाशी तू ते नाकारलंस. आपण टाकलेल्याचा मान मागता येत नाही." आणि उरलेल्यांत शिराच जास्त संपला होता, म्हणून त्याने पळी चौथ्यांदा सोनाबाईच्या हातात दिली.

पण रिकामं भांडं परत धाडायचं नाही, ही आळीची रीत होती. प्रत्येकीने आपल्यातलं थोडं थोडं द्वारकेच्या मडक्यात घातलं. घरी गेल्यावर द्वारकेने त्यातली खीर आधी सासूला वाढली, मग हरबाला. हरबा आधी दाराकडे बघायचा आणि मग घास घ्यायचा, इतकी त्याला धास्ती बसली होती!

पुढच्या वर्षीही द्वारकेने बासुंदी केली. पहिल्या दोन वाट्या घरात गेल्या, उरलेली पारावर. गुरवाला विचारून पिठल्याचंही एक मडकं सोबत नेलं होतं. फडकं सुटायच्या आधीच ती मोठ्याने म्हणाली, "आमच्या घरचं! गोड मानून घ्या." त्या वर्षी पळी कुणाच्या खुंटीवर गेली, ते बघायलाही ती थांबली नाही. सासूला दुसरी वाटी हवी होती.

म्हणून लक्षात ठेवा: लोकांच्या वाहवेसाठी घरच्यांना उपाशी ठेवू नये, आणि घरच्या अन्नाची चारचौघांत लाज बाळगू नये.