मोरीला टाकी

एकदा एक वृद्ध पाथरवट होता. दगडाचं कुठलंही काम त्याला येई, पण तो घेई ते फक्त जिथे पाणी सांडतं तिथलं: विहिरीच्या पायऱ्या, धुण्याचे दगड, न्हाणीघरं. कोरड्या फरशीवर कुणीही चालून दाखवतो, असं तो म्हणे. त्याच्याकडे आठ वर्षं एक शिष्या शिकत होती. इमारती बांधण्याची रीतसर पदवी घेऊन आलेली ही बाई हाताला घट्टे पडेपर्यंत टिकली, याचं त्याला मनातून कौतुक होतं. तोंडावर मात्र त्यानं ते कधी केलं नाही.

तिला पहिलं स्वतंत्र काम मिळालं एका व्यापाऱ्याच्या घरी. त्याची ऐंशी वर्षांची आई आदल्या वर्षी न्हाणीघरात घसरून पडली होती. हाड जुळलं, पण तेव्हापासून तिला आंघोळ घालायला एक बाई येई, आणि आजी आत अडकून पडू नयेत म्हणून दाराची कडी काढून टाकली होती. आजी मुलाला एकदाच म्हणाल्या, "माझ्या हातानं अंगावर पाणी घेऊ दे रे. आणि दाराला कडी लाव. उघड्या दारानं कसली आंघोळ?"

व्यापारी मनानं वाईट नव्हता. त्यानं आईला शब्द दिला की फरशी नवी होऊ दे, भरवशाची ठरली तर दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला कडी लागेल.

शिष्येनं काम निष्ठेनं आरंभलं. नवा दगड खाणीतून काढायचा नाही, दूरदेशीची फरशी मागवायची नाही, असं तिनं ठरवलं. व्यापाऱ्याचं जुनं गोदाम नुकतंच पाडलं होतं. तिथल्या शहाबादी फरश्या तिनं एकेक उचलून धुतल्या, चुन्यात बसवल्या, आणि ढाळ असा काढला की सांडलेलं सगळं पाणी परसातल्या अळवाकडे जावं. व्यापाऱ्याला पर्यावरणाची गोष्ट पटलेली होती. चार लोकांत सांगायलाही ती बरी होती. पण काम पाहून त्याचा चेहरा पडला.

"हे बाथरूम नाही वाटत हो," तो म्हणाला, "मोरी वाटते."

हा एक शब्द तिच्या जिव्हारी लागला. आठ वर्षांची विद्या, आणि केलं काय, तर मोरी! तिनं यंत्र आणवून फरशी घासून घेतली आणि वर चकाकीचा लेप चढवला. दगडात तोंड दिसू लागलं. व्यापारी खूश झाला, आणि तीही झाली. दोन बादल्या पाणी ओतून तिनं त्यावर चालूनही पाहिलं, आणि मग गुरूला काम बघायला बोलावलं.

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. वृद्धानं वहाणा काढल्या, ढाळ पाहिला, सांधे पाहिले, मान डोलावली. मग तो मधोमध बसला, पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली आणि त्या चकचकीत दगडावर घाव घातला.

"अण्णा!" शिष्या ओरडली.

व्यापारी धावत आला. "अहो, काय करताय? तयार काम आहे ते!"

वृद्ध थांबला नाही. सारख्या अंतरावर बारीक घाव घालत त्यानं एक अख्खी फरशी खरबरीत केली. चौकटीला धरून उभ्या राहिलेल्या आजी तेवढ्या शांत होत्या. त्या म्हणाल्या, "टाकी लावतायत ते. पाटा गुळगुळीत झाला की चटणी वाटली जात नाही, तेव्हा लावतात ना, तशी."

वृद्धानं मान वर केली. "आक्का, घरात तेल-उटणं आलंय का?"

तेल-उटणं आलं. त्यानं ते शिष्येला स्वतःच्या तळपायांना चोळायला लावलं, वर तांब्याभर पाणी घातलं, आणि चकचकीत फरशीकडे बोट दाखवलं. पहिल्याच पावलाला तिचा पाय सटकला. गुरूनं दंड धरला म्हणून ती पडली नाही. मग त्याच तेलकट पायांनी ती टाकीच्या फरशीवर उभी राहिली, आणि उभीच राहिली. समोरच्या आजींकडे बघण्याचं धाडस मात्र तिला होईना.

"तू पाण्यानं पाहिलंस," वृद्ध सावकाश म्हणाला. "आपल्याकडे पहिली आंघोळ तेलानं असते, हे विसरलीस. ही चकाकी टिकवायला काय करावं लागेल?"

"दर महिन्याला लेप. आणि धुवायला त्याचंच एक औषध."

"आणि ते पाणी जातं कुठं?"

तिनं खिडकीतून पाहिलं. परसात अळवाची पानं डुलत होती. आजी त्याच पानांची भाजी करत असत.

"जुना दगड वाचवलास, हे फार चांगलं केलंस पोरी. पण त्याचा गुण त्याच्या खरबरीत अंगात होता, आणि तोच तू एका शब्दाच्या लाजेपायी घासून टाकलास. ओल्या जागेची फरशी डोळ्यांनी निवडू नये. ती म्हाताऱ्या पावलाला विचारावी, आणि जिथं तिचं पाणी जातं त्या झाडाला विचारावी. दोघांनी हो म्हटलं की मग तिला लोक मोरी म्हणोत, नाहीतर आणखी काही."

शिष्येचे डोळे भरून आले. तिनं त्याच्या हातातली छिन्नी घेतली. पुढचे सहा दिवस त्या घरात टाकीचा आवाज चालू होता. लेप तिनं खरवडून काढला, आणि त्याची भुकटी परसात जाऊ न देता गोणीत भरून बाहेर नेली. सातव्या दिवशी व्यापाऱ्यानं स्वतः तेल लावलेल्या पायांनी फरशीवर चालून पाहिलं. मग तो दाराची कडी आणि पेचकस घेऊन आला.

पहिल्या आंघोळीला आजी अंगाला तेल लावून एकट्या आत गेल्या. दार बंद झालं, कडी लागली. व्यापारी दाराशी श्वास रोखून उभा होता, आणि शिष्या त्याच्या मागे. आत तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला, मग अंगावर पाणी पडल्याचा, मग पुन्हा तांब्याचा.

"कोण उभंय रे बाहेर?" आतून आजींचा आवाज आला. "जा आपापल्या कामाला. मी आंघोळ करतेय."

व्यापारी बाजूला झाला. परसात अळवाच्या मुळाशी पाणी येऊ लागलं होतं. दिवाळीच्या फराळाला आलेल्या पाहुण्यांना तो हात धुवायची जागा दाखवत होता, ते शिष्येनं जाता जाता ऐकलं.

"इकडून या," तो म्हणत होता, "ही आमची मोरी."