तीस रव्यांचं इंजिन

एकदा एका म्हाताऱ्या वस्तादानं छाती फुगवून सांगितलं, "या पंचक्रोशीत असं एकही इंजिन नाही, ज्याचं दुखणं मला नुसतं ऐकून कळत नाही." समोरचे चौघे आदरानं माना डोलवू लागले, तेव्हा त्यालाच राहवेना. म्हणाला, "म्हणजे उजव्या कानानं. डाव्या कानाशी एका ट्रकचा सायलेन्सर फुटला, तेव्हापासून तिकडं सुट्टी आहे. आणि खरं सांगू? अर्धं दुखणं मालकाच्या तोंडावरच लिहिलेलं असतं."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याची पत्र्याची शेड होती. शिक्षण चौथीपर्यंत, तेही, तोच सांगे त्याप्रमाणे, दोनदा झालेलं. शिष्या मात्र विदुषी. शिष्या म्हणजे कोणी कोवळी पोर समजू नका. सुलक्षणाबाई चाळिशीच्या, तंत्रनिकेतनात इंजिन हा विषय शिकवणाऱ्या. इंजिनाला हात लावणं सोडलं तर इंजिनाबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं. ते राहिलेलं शिकण्यासाठी दर रविवारी त्या वस्तादाच्या शेडमध्ये हात काळे करत.

त्यामागं कारण होतं. सुलक्षणाचे वडील, आप्पा, गुळाचे व्यापारी. तरुणपणी त्यांनी एक छोटी विलायती मोटार घेतली आणि पहिल्याच आठवड्यात तालमीतल्या दोस्तांना घेऊन पन्हाळ्यावर झुणका-भाकर खायला निघाले. वाघबिळाच्या पुढं घाटातल्या दुसऱ्या वळणावर मोटारीनं मान टाकली. मंडळी उतरून ढकलू लागली. मागून एसटी आली, खिडक्याखिडक्यांतून लोक हसले, आणि कंडक्टरनं घंटी मारून विचारलं, "शेठ, तिकीट फाडू काय?" आप्पा त्या दिवशी घरी आले, मोटार गुळाच्या गोदामात लावली, वर ताडपत्री टाकली आणि पन्नास वर्षं तिचं नाव काढलं नाही. ब्याऐंशीव्या वाढदिवशी मात्र लेकीला एवढंच म्हणाले, "कुणी न ढकलता ती घाट चढली, तर मी एकदा बसेन."

झालं! विदुषी कामाला लागली. मोटारीचा सांगाडा जुनाच ठेवायचा आणि पोटात नवं इंजिन घालायचं, असा बेत. घाट चढायचा म्हणून इंजिनही घाटाएवढंच: आठ सिलिंडरचं, लोखंडी, तीनशे किलोचं. बेताची अकरा पानं झाली. पिस्टन, कार्बोरेटर, रेडिएटर, सगळं सुवाच्य अक्षरात. एकच अडचण होती. ते इंजिन बसायला मोटारीचा पुढचा पत्रा आणि चासीचा आडवा पट्टा कापावा लागणार होता. तिनं खडूनं रेघा मारल्या. गॅसकटरवाला सोमवारी येणार होता. एकदा कापलेलं पुन्हा होतं तसं होत नाही, हे तिलाही कळत होतं. म्हणून ती बेत दाखवायला वस्तादाकडं आली.

वस्तादानं अकरा पानं उलटीसुलटी करून पाहिली, उजेडात धरली, वास घेतला. म्हणाला, "झकास. उद्या मोटार इथं ओढून आण. आप्पांच्या दुकानातनं गुळाचे तीस रवे आण, दहा-दहा किलोचे. आणि आप्पांनाही आण."

"गूळ कशाला, वस्ताद?"

"इंजिन बसवायला."

सुलक्षणाला संशय आला. गेल्याच वर्षी त्यानं तिला डिझेलचा वास घेऊन पंपाचं गाव ओळखायला अर्धा तास बसवलं होतं आणि स्वतः आडोशाला जाऊन पोट धरून हसला होता. तरी तिनं रवे आणले. गुरूवर श्रद्धा ठेवली की माणूस काय काय उचलतो, ते वाचकांनी आपापल्या अनुभवानं ताडावं.

रविवारी सकाळी आप्पांना मागच्या सीटवर बसवण्यात आलं. त्यांनी टोपी नीट केली आणि काचेतून समोर पाहत राहिले. जुनं इंजिन काढून रिकाम्या केलेल्या जागेत वस्तादानं दोन फळ्या आडव्या टाकल्या. "रच."

पाच रवे ठेवले, मोटार निवांत उभी. पंधरा ठेवले, थोडी झुकली. तीस झाले तेव्हा गूळ बॉनेटच्या वर आला आणि पाण्यावर आलेल्या म्हशीसारखं मोटारीनं नाक खाली घातलं.

"आता बस आणि चाक वळीव."

सुलक्षणानं दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढलं. टायर मडगार्डला घासला, खर्रर्र आवाज झाला आणि चाक तिथंच अडकलं.

"उतर. एकेक रवा काढ. टायर आणि मडगार्डमध्ये चार बोटं शिरली की थांब."

ती काढत गेली. घाम आला, हात चिकट झाले, शेडमधल्या मुंग्यांना सणाची चाहूल लागली. चौदा रवे उरले तेव्हा चार बोटं आत गेली.

"हे तुझं इंजिन," वस्ताद म्हणाला.

"एकशेचाळीस किलो? एवढं तर साधं चार सिलिंडरचं असतं. वस्ताद, घाट आहे तो! पुन्हा अडकली तर?" तिनं चोरून आप्पांकडं पाहिलं. "पुन्हा अडकली तर ते परत बसणार नाहीत."

वस्ताद फडक्याला हात पुसत म्हणाला, "पोरी, तुझी अकरा पानं बघितली. त्यांत पिस्टन आहे, पाण्याचा पाइप आहे, नटबोल्टसुद्धा आहेत. आप्पा कुठल्या पानावर आहेत? तू इंजिन आधी ठरवलंस आणि मग त्याला मावेल अशी मोटार कापायला निघालीस. आधी मोटारीला विचार, बाई, तुला पेलतं किती? ते तीनशे किलो घाट चढले असते, नाही असं नाही. पण वळणावर वळले नसते, सरळ दरीत गेले असते. आणि त्या दिवशी इंजिन हरलं, हे तुला कुणी सांगितलं? आप्पा, किती माणसं होती गाडीत?"

आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अकरा."

"आणि डिकीत?"

"चार रवे. वर ओळखीचे होते, त्यांना द्यायला."

"ऐकलंस? चार माणसांच्या मोटारीत अकरा पैलवान कोंबले आणि पन्नास वर्षं दोष दिला इंजिनाला. आजचं चार सिलिंडरचं त्या जुन्याच्या दुप्पट ओढतं. चढेल."

वस्तादाला हे सगळं कसं ठाऊक, हे विचारायचं तिला सुचलं नाही. वस्तादाला सगळंच ठाऊक असतं, अशी तिची समजूत होती. तिनं चार बोटं पुन्हा एकदा त्या फटीत घालून पाहिली, सावकाश. मग ओल्या फडक्यानं पत्र्यावरच्या खडूच्या रेघा पुसल्या, कोरा कागद घेतला आणि सगळ्यांत वर लिहिलं: 'बसणार – आप्पा, मी.' बेताला आता दोनच पानं लागली.

चार महिन्यांनी मोटार पन्हाळ्याला निघाली. मागं आप्पा, त्यांच्या शेजारी इस्त्रीच्या सदऱ्यात वस्ताद; मुंग्याही होत्या, त्या गुळापासून गेल्याच नव्हत्या. दुसरं वळण आलं तेव्हा आप्पांनी सीटची कड घट्ट धरली. सुलक्षणानं गिअर उतरवला, इंजिन जरासं गुरगुरलं आणि मोटार वळणावरून वर गेली. आप्पांनी मागं वळून रस्ता पाहिला. एसटी आली नव्हती, याचंच त्यांना जरा वाईट वाटलेलं दिसलं.

वर गेल्यावर आप्पांनी झुणक्याबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागवली. वस्तादाला चेव आला. मिरचीचा ठेचा चाटत तो म्हणाला, "लक्षात ठेव पोरी, इंजिनात अक्कल असते. ती नसते मोटारीत अकरावा म्हणून चढणाऱ्याला."

आप्पांनी भाकरी खाली ठेवली आणि वस्तादाकडं पाहिलं.

"दस्तगीर, त्या दिवशी मी स्टेअरिंगवर होतो. नऊ जण उतरून ढकलत होते. अकरावा खाली उतरलाच नाही, टपावर मांडी घालून 'जोर लावा रे' म्हणून ओरडत होता. सांगू का पोरीला त्याचं नाव?"