ठिपकीचा बटाटा

फार जुनी गोष्ट. तेव्हा आपल्या गावात बटाटा कुणी पाहिलाच नव्हता. ताटात नाही, बाजारात नाही.

एकदा बंदरावरून बैलांचा तांडा घाट चढून आला. एका गोणीला होतं भोक. टप्प! एक बटाटा खाली पडला.

तो सापडला ठिपकी उंदरीला. त्याचं नाव तिने तांडेवाल्यांच्या तोंडून ऐकलेलं. ठिपकी एवढीशी. बटाटा तिच्याहून मोठा.

“थंडीत हाच खाईन,” ठिपकी म्हणाली. आणि ढकलत निघाली. गडगड गडगड.

गडगडत बटाटा गेला तानूमावशीच्या शेतात. पडला नांगराच्या चरीत. वरची माती ढासळली. धप्प! बटाटा दिसेनासा झाला.

ठिपकीने उकरलं. पण नख केवढं, माती केवढी!

तुरतुर तुरतुर ठिपकी गेली तानूमावशीकडे.

“मावशी, मावशी,
माझा बटाटा मिळेना.
जरा खण ना.”

“बटाटा? ते काय असतं गं?”

“गोल असतं. मातकट असतं. माझं असतं.”

“असेल बाई. पण कुदळीचा दांडा मोडलाय. सुताराकडून दांडा आण. मग खणीन.”

तुरतुर तुरतुर ठिपकी गेली केरूदादा सुताराकडे.

“केरूदादा, केरूदादा,
मावशी खणेना,
माझा बटाटा मिळेना.
दांडा दे ना.”

“दांडा काय हवेचा करू? बाभळीकडून फांदी आण. मग देईन.”

तुरतुर तुरतुर ठिपकी गेली बाभळीकडे.

“बाभळबाई, बाभळबाई,
केरूदादा दांडा देईना,
मावशी खणेना,
माझा बटाटा मिळेना.
फांदी दे ना.”

“माझ्या फांद्या बघ. नुसत्या काड्या. मुळाशी पाणीच नाही. बैलाला मोट ओढायला सांग. मग देईन.”

तुरतुर तुरतुर ठिपकी गेली विहिरीवरच्या बैलाकडे.

“बैलमामा, बैलमामा,
बाभळ फांदी देईना,
केरूदादा दांडा देईना,
मावशी खणेना,
माझा बटाटा मिळेना.
मोट ओढ ना.”

“ओढू कशी? जुना दोर पायात गुंतलाय. गाठ कुणाला सुटत नाही. दोर तोड. मग ओढीन.”

ठिपकी थांबली. आता कुणाकडे जायचं?

तिने गाठीकडे पाहिलं. मग तिला आपले दात आठवले.

कुरूकुरू कुरूकुरू. तटकन दोर तुटला.

बैलाने मोट ओढली. खळखळ खळखळ.
बाभळ पाणी प्यायली. गटगट गटगट.

पण फांदी का एका दिवसात भरते? ठिपकी रोज जायची. बघायची. परत यायची. दाणे वेचून दिवस काढायची. चांदोबा मोठा झाला, लहान झाला. पुन्हा मोठा झाला, लहान झाला.

मग बाभळीने फांदी दिली.
केरूदादाने फांदी तासली. सर्र सर्र. दांडा केला. स्वतःच घेऊन आला.

शेतात येऊन बघतात तर काय? बटाटा पडला होता तिथं एक झाड आलेलं!

तानूमावशी म्हणाली, “पान वांग्यासारखं. फूल वांग्यासारखं. मग फळही वरच लागणार. खणायचं कशाला?”

झाडावर हिरव्या गोळ्या होत्या. मावशीने एक तोडली.

“हा घे तुझा बटाटा.”

“हा नव्हे,” ठिपकी म्हणाली.

केरूदादाने गोळी जिभेला लावली मात्र, थू थू थू! “कडू जहर गं!”

“सांगितलं ना, हा नव्हे. माझा खाली आहे.”

मावशीने कुदळ उचलली. धप धप. धप धप.

एक निघाला. दोन निघाले. तीन, चार, पाच, सहा, सात!

ठिपकीने एकेक हुंगून पाहिला. “यातला माझा कुठला? माझा एकच होता.”

मावशीने माती हाताने चाळली. तळाशी एक सुरकुतलेलं साल मिळालं.

“हा बघ तुझा.”

ठिपकी सालाजवळ बसली. “रिकामा झाला,” ती हळूच म्हणाली.

“या सातांत गेला ना तो,” मावशी म्हणाली. “म्हणून सातही तुझेच.”

ठिपकी उठली. मग तिने तीन बटाटे मावशीपुढे ढकलले. “हे आपण सगळे खाऊ.”

मावशीने ते चुलीत भाजले. केरूदादा लांब जाऊन बसला.

“मी नाही बाई. मघाचं तोंड अजून कडू आहे.”

ठिपकीने पहिला घास घेतला. सगळे बघत राहिले. ती थांबेना. नुसती खात राहिली.

केरूदादा जरा सरकला. आणखी जरा सरकला.

“तानूबाई, मीठ आहे का गं?”

तीन बटाटे ठिपकीने बिळात नेले, उरलेल्या थंडीसाठी. राहिला एक. तो ढकलत ती पुन्हा शेतात निघाली. गडगड गडगड. चरीत ठेवला. वर माती लोटली, या वेळी आपल्याच पायांनी.

“अगं, हा खाणार नाहीस?” मावशीने विचारलं.

“खाईन,” ठिपकी म्हणाली. “थांबून खाईन.”

बटाटा मातीत, गोष्ट तुमच्या मुठीत. आता मूठ सांभाळा.