ऑर्सोलाचे टाके

बुरानो हे आमचं व्हेनिसजवळचं बेट. इथल्या बायका सुईनं लेस विणतात. एका लेसला सात जणी लागतात आणि प्रत्येकीचा टाका ठरलेला असतो. माझ्या शेजारच्या बेटीनाची लेक ऑर्सोला फुलांमधली जाळी भरायची. १९०८ साली एका काउंटेसबाईंच्या मुलीसाठी लग्नाची ओढणी बेटीनाकडे विणायला आली होती. तिची जाळी पुरी केली आणि ऑर्सोला तापानं गेली.

हे कानावर पडलेल्या काउंटेसबाई ओढणी न्यायला आल्या, तेव्हा मी मीठ मागायच्या निमित्तानं बेटीनाकडेच होते.

"मेलेल्या मुलीचे टाके माझ्या लेकीच्या डोक्यावर नकोत," बाई म्हणाल्या. "जाळी उसवा आणि दुसरीकडून भरून घ्या."

बेटीनाचा हात ओढणीवरून हलेना. लेकीची तेवढीच खूण उरली होती.

"उसवते, बाईसाहेब," ती हळूच म्हणाली. "पण तुमच्या गळ्याची ही लेस कुणाची?"

बाईंनी मान ताठ केली. "दोनशे वर्षांची आहे. आमच्या घरातली प्रत्येक नवरी ही घालते."

"बुरानोचीच आहे. ती विणणाऱ्या सातही जणी मातीआड गेल्यात. आधी ती उसवू का?"

बाईंचा हात गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला. मग त्यांनी ओढणी न उसवता तशीच घेतली.

बाईंची होडी दिसेनाशी झाली तरी बेटीना काठावरच उभी होती.

"अगं, जिंकलीस की. मग रडतेस कशाला?" मी विचारलं.

"आज माझी लेक दुसऱ्यांदा घरातून गेली," बेटीना म्हणाली. "आता दोनशे वर्षं लग्नांत मिरवेल. स्वतःच्या लग्नाचं तेवढं राहून गेलं."