नागोजीमहाराजांची काठी आणि येसाक्काची भट्टी

भाविकहो, आज ज्या धर्मादाय इस्पितळात चार जिल्ह्यांची माणसं येतात, त्या जागी एकेकाळी करंजवेढे नावाचं लहानसं गाव होतं, आणि ओढ्याकाठी होता एक गवती मांडव. श्रीनागोजीमहाराज फिरत फिरत तिथे आले, चिंचेखाली राहिले, आणि घरच्यांनी टाकलेल्या दुखणेकऱ्यांसाठी त्यांनी तो मांडव घातला. पुढे गावाचं शहर झालं, मांडवाच्या दगडी इमारती झाल्या. पण इस्पितळाची कुळकथा सुरू होते ती त्या मांडवापासून.

मांडवात औषध द्यायला गावचे वैद्य दाजीशास्त्री रोज सकाळी येत. फुकट देत, हे कबूल केलं पाहिजे. विद्या अव्वल, हाताला गुणही होता. पण शास्त्रीबोवांना स्वतःला मत्सराचं दुखणं होतं, आणि त्यावरची मात्रा काही त्यांच्या बटव्यात नव्हती.

दुखण्याचं मूळ होतं येसाक्का परटीण. ही गरीब विधवा मांडवातली अंथरुणं, जखमांच्या पट्ट्या, बाळंतिणींची कापडं गोळा करी, खार लावून भट्टीवर घाली, ओढ्यात खळबळून उन्हात वाळवी. महाराजांचा एक पाय अधू होता. ते काठी टेकीत सकाळी आधी भट्टीपाशी जात, हात जोडत आणि मगच मांडवात शिरत. शास्त्रीबोवांकडे पाहून नुसतं हसत. बरा झालेला माणूससुद्धा घरी जाताना निरोप घेई तो येसाक्काचा.

'काढे माझे, आणि हात जोडायचे परटिणीच्या चुलाण्याला!' शास्त्रीबोवा मनात जळत. शेवटी न राहवून त्यांनी एकदा विचारलंच, "महाराज, या मांडवात पहिला मान कोणाचा?"

महाराज म्हणाले, "जो मागत नाही त्याचा."

झालं! शास्त्रीबोवांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच दिवशी त्यांनी मोळीवाल्यांना बोलावून दरडावलं, "त्या भट्टीच्या धुराने रोग पसरतो. तिथे लाकूड टाकाल, तर माझ्या ओसरीवर औषधाला येऊ नका." पोराबाळांची माणसं ती. त्यांनी माना डोलावल्या.

तिसऱ्या दिवशी भट्टीत जाळायला काटकी उरली नाही. येसाक्का महाराजांपुढे येऊन उभी राहिली. "लाकूड सरलं, महाराज. आत तीन बाळंतिणी हायेत. कापड कशावर उकळू?"

महाराजांनी हातातली काठी तिच्यापुढे धरली. "ही लाव."

"आन् तुमी चालणार कसं?"

"आधी तुझी भट्टी चालू दे."

शास्त्रीबोवा मांडवाच्या कुडाशी उभे राहून ऐकत होते. "एवढीशी काठी," ते शेजारच्याला म्हणाले, "दुपारपर्यंत पुरली तरी पुष्कळ." पण हसू काही ओठांवर टिकेना. आपण इतकी वर्षं इथे राबतो, आणि महाराजांनी हातातली काठी दिली ती हिला, ही गोष्ट त्यांना जेवतानासुद्धा टोचू लागली.

दुपार झाली. दुसरा दिवस गेला, चौथा गेला. भट्टीवरची वाफ काही खळेना. चोरून कोणीतरी लाकूड देतंय, असं म्हणून शास्त्रीबोवा वाटेवर पाळत ठेवून बसले. मोळी येताना दिसली नाही. दिसले ते कुडाला धरून लंगडत चालणारे महाराज.

अशात शास्त्रीबोवांची लेक द्वारका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, ती घरी बाळंत झाली. सोयराचं, म्हणजे बाळंतपणाच्या विटाळाचं, कापड पुढे टाकूनच द्यायचं, म्हणून घरोघरच्या रीतीप्रमाणे माळ्यावरची धूळ खाल्लेली जुनेरं तिला दिली होती. तिसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. शास्त्रीबोवांनी मात्रा उगाळल्या, काढे पाजले, ताप उतरेना. द्वारका बापालाही ओळखेना.

सुईण शेवटी स्पष्टच बोलली. "शास्त्रीबोवा, औषधाला नावं ठेवत न्हाई. पर ह्या चिंध्या पोरीला खात्यात. येसाक्काच्या भट्टीतलं कापड आणा. त्या कापडावर मांडवात एक बाळंतीण दगावली न्हाई."

जी भट्टी विझवायला निघाले, तिच्याच दारी हात पसरायची वेळ आली! भर उन्हात, पायांत वहाणाही न घालता, शास्त्रीबोवा ओढ्याकडे धावले. द्वारकेचा ताप सांगून त्यांनी कापड मागितलं. नुकतंच वाळलेलं कापड येसाक्काने पदरात गोळा केलं, त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे अंथरा. दर खेपेला बदला. मी दुसरं काढतेच."

निघता निघता शास्त्रीबोवांनी भट्टीत डोकावलं. महाराजांची काठी लालबुंद धगधगत होती. पहिल्या दिवशी होती तेवढीच होती, आणि खाली चिमूटभरही राख नव्हती. कापड छातीशी धरून ते घराकडे धावले.

चार दिवस येसाक्काची कापडं आणि शास्त्रीबोवांचे काढे दोन्ही चालले. पाचव्या सकाळी द्वारकेने डोळे उघडले आणि बाळ मागितलं.

त्याच सकाळी गावाने एक नवल पाहिलं. दाजीशास्त्री डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन भर रस्त्याने ओढ्याकडे चालले होते. त्यांनी मोळी भट्टीपाशी टाकली, पहिलं लाकूड आत सारलं, आणि ते पेटताच महाराजांची काठी राख होऊन खाली बसली.

"येसाक्का," शास्त्रीबोवा म्हणाले, "तुझं लाकूड मीच बंद केलं होतं."

येसाक्का कापड पिळत म्हणाली, "ठावं हुतं मला. मोळीवाल्यांच्या बायका माझ्याच संगं ओढ्यावर असत्यात."

"ठाऊक होतं? आणि तरी माझ्या लेकीला..."

"लेकीनं काय केलं हुतं?"

शास्त्रीबोवा खाली वाकले आणि तिच्या भट्टीपुढच्या ओल्या मातीत त्यांनी कपाळ टेकलं. येसाक्का घाबरून मागे सरली. रोजच्यासारखे भट्टीपाशी आलेले महाराज लंगडत पुढे झाले आणि शास्त्रीबोवांच्या वाकलेल्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"ऊठ दाजी," महाराज म्हणाले. "माझी काठी सरली. आता मला मांडवात तू घेऊन चल."